उघाडीचा दांडा

बाबा गव्हर्नरच्या कौन्सिलात निवडून आले त्याच वर्षी आमच्या गावाने फावडी टांगून ठेवली. ठेवायला बाबांनीच सांगितलं होतं.

आमचं पेशन्स गाव समुद्राच्या खाली आहे. भरती आली की बांधापलीकडचं पाणी आमच्या केळीच्या बुंध्यांपेक्षा उंच चढतं. बांधात एक दार आहे, उघाडी. ओहोटी लागली की उघाडीचा राखणदार क्वाको काका, त्याने दांडा फिरवून ते जड लाकडी दार वर उचलायचं, गावाच्या चरातलं पाणी समुद्रात सोडायचं आणि भरती परतायच्या आत दार पाडायचं. पण समुद्र उघाडीच्या तोंडाशी सारखा गाळ आणून टाकतो. तो काढला नाही तर दार उघडून उपयोग नसतो. म्हणून दर वर्षी मोठा पाऊस लागायच्या आधी क्वाको काका बांधावर उभा राहून शंख फुंकायचा, आणि ज्याला हात आहेत तो फावडं घेऊन चिखलात उतरायचा. बायका, म्हातारे, पाद्रीसुद्धा. गुलामी सुटल्यावर आमच्या पणज्यांनी ही जमीन गोऱ्याकडून विकत घेतली तेव्हापासूनचा हा रिवाज. शंख ऐकूनही जो घरी बसला त्याच्या मयतालाही कुणी जायचं नाही.

बाबा म्हणजे थॅडियस सेम्पल. आधी शाळामास्तर, मग गावपंचायतीचे चेअरमन आणि आता कौन्सिलातले ऑनरेबल. अर्ध्या गावाला त्यांनीच मुळाक्षरं शिकवली होती आणि छडीही त्यांचीच खाल्लेली. गावाचं बोलणं शाळेत कुणाच्या तोंडून निघालं की छडी. घरी मी जेवताना ‘न्हाई’ म्हटलं तर ताट पुढून उचललं जायचं. आई मात्र जन्मभर तशीच बोलली. तिला त्यांनी कधी टोकलं नाही, आणि तीही त्यांना हाक मारताना मास्तरच म्हणायची.

निवडून आल्यावर बाबांनी चर्चच्या आवारात सभा घेतली.

“मंडळी, तुम्ही दर वर्षी गाळ काढता, म्हणून सरकार म्हणतं, पेशन्सला पंप कशाला? यांच्याकडे फावडी आहेत. यंदा फावडं उचलू नका. इंजिनिअर येईल, गाळ डोळ्यांनी पाहील, आणि मी कौन्सिलात पंप मागेन.”

क्वाको काका मागून म्हणाला, “मास्तर, गाळाला मतदान कळत न्हाई. त्यो रोज येतो.”

सगळे हसले. बाबाही हसले. “क्वाको, तू दार सांभाळ. सरकारला मी सांभाळतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या कुठल्या गावाला हे पटलं नसतं. पण आम्ही आपली जमीन आपण घेतलेली माणसं, आणि आपला माणूस तिथे बसला म्हणजे आपणच बसलो असं आम्हाला वाटलं. मीसुद्धा हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. इंजिनिअर आला नाही. पुढल्या वर्षीही तसंच. उघाडीसमोरचा गाळ वाढत वाढत इतका उंच झाला की त्यावर बगळे चालायचे आणि खेकडे बिळं करायचे. क्वाको काका दार उचलायचा तेव्हा पाणी आधी थबकायचं, मग वाट शोधत बारीक धारेने जायचं. बाबा भेटले की तो नुसती मान लववायचा. ऑनरेबलला भर रस्त्यात काय बोलायचं?

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आभाळ फाटलं.

आमचा कसाव्याचा तुकडा गावात सगळ्यांत सखल. आई आणि मी मांडीभर पाण्यात उभ्या राहून झाडं उपटत होतो. वरून हिरवंगार, आणि ओढलं की खाली कंद हातात पिचकायचा. दुधासारखा आंबट पाणचट रस बोटांमधून गळायचा. त्याचा वास केसांत बसला तो आठवडाभर गेला नाही. अळकुड्या तर दिसतच नव्हत्या, नुसती पानं पाण्यावर तरंगत होती. आईच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. संध्याकाळी ती बोटांच्या बेचक्यात चुना भरायची आणि दात आवळून बसायची.

“मा, आज काय टाकायचं चुलीवर?” मी विचारलं.

“कालचाच खारा मासा हाय. आनि ही चार केळी बरी निघाली. नारळाचं दूध घाल, म्हंजे ऑनरेबलला सडल्याचा वास यायचा न्हाई.”

बाबा आत आपल्या काळ्या कोटावर कोळशाची इस्त्री फिरवत होते. हे काम ते कुणाला करू द्यायचे नाहीत. कोट एकच होता. कोपराला आईने आतून ठिगळ लावलेलं, म्हणून ते कौन्सिलात हात टेबलावर ठेवत नसत. ते म्हणाले, “कॉर्डेलिया, मला एक सडलेला कंद दे. चांगला मोठा.”

“कशाला?”

“गव्हर्नरच्या टेबलावर ठेवणार आहे. तो इथे येत नसेल तर पेशन्स तिथे जाईल.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर थोडं कौतुक आलं. तिने उठून कंद निवडला, केळीच्या पानात बांधला आणि मला म्हणाली, “एडिना, तू बी जा संगट. टोपली तू धर. ऑनरेबल मानसानं सडका कंद घेऊन आगगाडीत बसू ने.”

आम्ही निघालो तेव्हा रस्ता पाण्याखाली होता. बाबांनी बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. दारूच्या दुकानापाशी गाडीवान फिनियस बसला होता. त्याची गाडी पाण्यात आणि गाढव दुकानाच्या ओट्यावर.

“ऑनरेबल, पंप आनाय निघाले जनू! खिशात मावंल न्हवं?”

“येईल, फिनियस, येईल.”

“तवर माझं गाढव पवाय शिकंल. त्येला बी मतदान देऊन टाका.”

ओट्यावरची माणसं हसली. बाबांनी हॅट उचलून त्यांना मान दिला आणि पाणी कापत पुढे गेले. त्यांच्या पोटऱ्या पांढुरक्या आणि बारीक दिसत होत्या. मी पहिल्यांदाच बघितलं की माझा बाप म्हातारा झालाय.

राजधानीत, जॉर्जटाउनला, कौन्सिलाच्या सभागृहात मी वर प्रेक्षकांत बसले. चुना लावलेले पाय बाकाखाली ओढून घेतले. खाली गव्हर्नरसाहेब मधोमध, आणि दोन्ही बाजूंना सभासद. बाबा उभे राहिले. काय सुरेख बोलले! गाव कसं विकत घेतलं, कुणी किती पोटाला चिमटा काढला, पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं. मला सगळं ठाऊक होतं, तरी डोळे भरून आले. मग त्यांनी शिपायाकडून टोपली मागवली, पान सोडलं आणि कंद टेबलावर ठेवला.

वास पसरायला वेळ लागला नाही. साखरवाल्यांचे सभासद मिस्टर प्रिंगल यांनी रुमाल काढला. कुणीतरी खिडकी उघडली. गव्हर्नरसाहेब अगदी सौम्यपणे म्हणाले, “सन्माननीय सभासदांचा मुद्दा आमच्या नाकापर्यंत पोहोचला आहे. आता तो बाहेर ठेवायला हरकत नसावी.”

हशा पिकला. शिपायाने कंद दोन बोटांत धरून नेला. टेबलावर ओला डाग उरला, आणि बाबा त्या डागाकडे बघत पुढचं वाक्य विसरले. ‘माझ्या गावाने,’ असं ते दोनदा म्हणाले आणि थांबले. मोठ्याने ओरडून ते वाक्य त्यांना सांगावंसं वाटलं, पण मलाही आठवत नव्हतं.

तेवढ्यात प्रिंगल उठले. ते पंपाच्या विरोधात मुळीच नव्हते. पंप जरूर द्यावा. फक्त पाण्याचा कारभार एका हाती असावा. शेजारच्या ग्लेनफर्न ऊसमळ्याचा कालवा आणि पेशन्सचा चर जोडून घ्यावा आणि दोन्हीवर एक मंडळ नेमावं. मळ्याचे मॅनेजर, सरकारी इंजिनिअर आणि गावातर्फे सन्माननीय सेम्पलसाहेब. पंप, कालवे, उघाडी, सगळं मंडळाच्या ताब्यात.

“उघाडीसुद्धा?” बाबांनी विचारलं.

“अर्थात. पंप एकाकडे आणि दार दुसऱ्याकडे, असं कसं चालेल?”

“मला गावाला विचारावं लागेल.”

गव्हर्नर म्हणाले, “गावाने आपल्याला इथे पाठवलंय ते त्यासाठीच ना? मत आता घ्यायचं आहे. आज नाही झालं तर पुढच्या वर्षीच्या खर्चात पाहू.”

पुढचं वर्ष म्हणजे आणखी एक पावसाळा. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझ्या डोळ्यांपुढे आईचे पाय होते. मी मान हलवली, हो म्हणून. त्यांना ती दिसली की नाही ते मला कधीच कळलं नाही. त्यांनी उजवा हात वर केला, आणि कोपराचं ठिगळ सगळ्यांना दिसलं.

परतताना गाडीत ते म्हणाले, “तिघांत एक आपण आहोत, एडिना. काल एकही नव्हतो.”

“आणि दोघं कोण?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसता ऊस होता.

गावात मात्र आनंदीआनंद झाला. पंप मंजूर म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतो! ढोल निघाले, फिनियसने बाबांना गाढवाच्या गाडीतून मिरवलं. उघाडीचं बाबांनी सभेत सांगितलं, नीट सगळं सांगितलं, पण ढोलांमध्ये ते विरून गेलं. ऐकलं ते एकट्या क्वाको काकाने.

आठवड्याने दांडा मंडळाकडे जमा करायचा होता. मॅनेजरने माणूस पाठवतो म्हटलं, बाबा नको म्हणाले. स्वतः गेले. मी बरोबर होते. क्वाको काका बांधावर दाराला चरबी लावत होता. दांडा लोखंडी, पण मूठ लाकडाची, आणि ती इतकी झिजलेली की बोटांच्या खाचा पडलेल्या.

“क्वाको, मी कशाला आलोय ते तुला माहीत आहे.”

“म्हाईत हाय.” तो चरबी लावत राहिला. “मास्तर, ह्या मुठीवर माझ्या आज्याची बोटं हायत. मग बाची. मग माझी.”

“तुलाच उघाडीवर नोकरीला ठेवायला सांगणार आहे मी. पगारी.”

“दारापाशी मी, आनि दांडा गोऱ्याच्या घरात. मग मी दाराकडं निस्तं बगत बसू व्हय?”

क्वाको काकाने हात पुसले, दांडा काढला, आणि आपल्या सदऱ्याने पुसून त्यांच्या हातात दिला. “मॅनेजर मागाय आला असता तर त्याच्या टाळक्यात घातला असता. तुमी मागताय. तुमी मला नाव लिवाय शिकवलंय.”

दांडा बाबांना पेलेना. ग्लेनफर्नच्या कचेरीपर्यंत तो मीच खांद्यावर नेला.

पंप आला. मळ्याच्या हद्दीत, कालव्याच्या काठावर बसला. पहिला हंगाम बरा गेला, खोटं का बोला. आवाज धडधड गावापर्यंत यायचा आणि चरातलं पाणी हळूहळू उतरायचं. पंप आहे म्हटल्यावर गाळाचं कुणी नावच काढलं नाही. आईने पुन्हा कसावा लावला. बाबा संध्याकाळी बांधापर्यंत फिरायला जायचे आणि लोक म्हणायचे, “ऑनरेबल, बेस झालं.” क्वाको काकाला नोकरी मिळाली नाही. मळ्याने आपला माणूस ठेवला.

मग नाताळाच्या तोंडावर अवकाळी कोसळला, आणि नेमकी मळ्यावर ऊसतोड चालू. ऊस गाळपाला जातो तो कालव्यातल्या लोखंडी होड्यांतून. कालव्याचं पाणी उतरलं तर होड्या चिखलात बसतात. आणि आता आमचा चर आणि त्यांचा कालवा एक. मळ्याने पंप बंद ठेवला आणि उघाडीही. पाणी वाढायला लागलं. घराच्या खांबांपर्यंत, मग पहिल्या पायरीपर्यंत, मग दुसरी पायरी गेली. कोंबड्या छपरावर चढल्या. आईने लावलेला कसावा दोन महिन्यांनी काढायचा होता.

बाबा मॅनेजरकडे गेले. मी फाटकापाशी थांबले. मॅनेजर ओसरीत खुर्चीवर, बाबा खाली पावसात, हॅट हातात. त्यांना वर ये म्हणायचं त्याला सुचलं नाही.

“फक्त ओहोटीपुरतं दार उघडा. आमची पिकं चालली आहेत. मी मंडळाचा सभासद म्हणून सांगतो आहे.”

“मंडळाची बैठक पुढच्या गुरुवारी आहे, सेम्पल. तिथे मांड.”

“गुरुवारपर्यंत काही उरणार नाही.”

“होड्या बसल्या तर कारखाना थांबेल. तू समजदार माणूस आहेस. दोघांचं मत एकीकडे असल्यावर तिसऱ्याने काय करायचं, हे तुला मी सांगायला नको.”

ते परत आले तेव्हा हॅटमध्ये पाणी साठलं होतं. ते ओतून द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंख वाजला. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. क्वाको काका बांधावर उभा होता. कुणाला काही विचारावं लागलं नाही. आढ्याची फावडी निघाली, गंजलेली, काहींचे दांडे वाळवीने खाल्लेले. बायका झगे कमरेला खोचून आल्या. फिनियस आला, पाद्री आला. आई चिखल्यांना फडकी बांधून आली.

“क्वाको काका, दार बंद असताना खणून काय व्हनार?” कुणीतरी विचारलं.

“समोर वाट मोकळी दिसली तर दांडा द्यायला मळेवाल्यांला काय अडचन? पंपाबिगर पानी जातंय म्हनल्यावर होड्यांपुरतं ठेवू, बाकीचं सोडू. मी सोता सांगतो त्येंला. आदी काम दाखवू.”

ओहोटी लांब गेली होती. आम्ही कमरेएवढ्या गाळात उतरलो. कित्येक वर्षांचा गाळ तो, वरून लोण्यासारखा, खाली चिकट आणि काळा. फावडं रुतलं की निघायचं नाही, निघालं की पाय रुतायचा. तोंडात, डोळ्यांत, कानांत चिखल. तरी गाळात खणलेला चर दाराकडे सरकत होता. कुणीतरी जुनं गाणं धरलं, शिव्या मिसळलेलं, आणि पाद्रीनेही साथ दिली.

बाबा आले. सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. ते फिनियसकडे हात करून म्हणाले, “दे ते फावडं.”

फिनियस थांबला. टिंगल करायला त्याला ही किती सोन्यासारखी संधी होती! पण त्याने नजर खाली घातली. “ऱ्हाऊ द्या ऑनरेबल. तुमचे हात कशाला?”

“दे म्हणतो ना.”

“तुमी तिकडं बोला. आमी हितं खनतो.”

ते एकेकाकडे गेले. कुणी फावडं दिलं नाही. रागाने नव्हे, राग असता तर बरं झालं असतं. शेवटी ते आईपाशी गेले. तिने खणता खणता मान हलवली. “मास्तर, तुमी दांड्याचं बगा. त्येवडंच करा.”

ते बांधावर चढले. मळ्याचा रखवालदार दारापाशी छत्री घेऊन बसला होता. गेब्रिएल त्याचं नाव, पलीकडच्या गावचा, बाबांकडेच शिकलेला.

“गेब्रिएल, वाट मोकळी होते आहे. कचेरीत जा, दांडा आण. म्हणावं सेम्पलनी मागितला आहे.”

गेब्रिएल धावत गेला. आम्ही खणत राहिलो. चर दारापर्यंत येऊन भिडला. दाराच्या फटींतून पलीकडचं आमचं पाणी पिचकाऱ्यांसारखं उडत होतं. एवढ्या जवळ आलं होतं. क्वाको काकाने दाराला कान लावला आणि हसला. “आतनं ढकलतंय बगा.”

गेब्रिएल रिकाम्या हाताने परत आला. “न्हाई देत म्हनाले, मास्तर.”

“कुणाच्या हुकमावरून?”

“मंडळाच्या.” तो रडवेला झाला होता. “म्हनाले, मंडळात सेम्पल बी हाय. कायद्याला हात त्येनंच वर केलता.”

खाली सगळ्यांनी ते ऐकलं. गाणं थांबलं. एका पोराने कुऱ्हाड आणू का विचारलं तर क्वाको काकाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. दार फोडायला अक्कल लागत नाही. पण संध्याकाळी भरती आली की समुद्र त्याच भोकातून घराघरांत शिरला असता. पाणी तुंबवायचं दार आणि समुद्र अडवायचं दार एकच होतं.

वारा फिरला. लांबवर भरतीची पांढरी रेघ दिसली. एकेक जण फावडं घेऊन वर चढू लागला. बाबांच्या बाजूने जाताना लोकांनी अंग चोरलं, जशी दुखवट्याच्या घरातून माणसं जातात. आईलाही मी वर काढली. ती बांधावर बसली आणि पायांची फडकी सोडायला लागली.

तेव्हा बाबा खाली उतरले. फावडं नव्हतंच, ते हातांनी गाळ काढायला लागले. ओंजळ भरायची, काठावर टाकायची, परत ओंजळ. भरतीचं पहिलं पाणी चरात शिरलं आणि काठावरचा गाळ हळूहळू खाली आणायला लागलं. ते काढत होते त्यापेक्षा जास्त येत होता. त्यांना ते दिसत होतं, ते आंधळे नव्हते.

“मास्तर!” आई वरून ओरडली. “पुरं आता! एडिना, आन त्येंला.”

मी उतरले. जवळ जाऊन त्यांचं मनगट धरलं. ते थांबले. चिखलाने चेहरा ओळखू येत नव्हता, फक्त डोळे. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ज्या बोलीपायी त्यांनी माझ्या पुढचं ताट उचललं होतं, त्याच बोलीत ते म्हणाले, “दार उगडत न्हाई गं, पोरी. मला न्हाई उगडत.”

“चला,” मी म्हणाले. “पानी आलं.”

ते हलेनात. मी ओढत राहिले, आणि दाराच्या दोन्ही अंगांना पाणी चढत राहिलं.